रबरी साच्याचं कवच मूर्ती आत असतानाच बांधा

गेल्या महिन्यात शिल्पकला शिकणारा एक पोरगा पिशवीत रबर घालून आमच्या शेडवर आला. छातीपर्यंतचा दीड फुटी पुतळा, त्याचा सिलिकॉनचा साचा. आत बघितलं तर मिशीचा केस न् केस उतरलेला. म्हणाला, "काका, प्लास्टर ओतलं की गाल फुगतायत. चेहरा रुंद होतोय. सिलिकॉन खराब लागलं काय?" मी विचारलं, वरचं कवच कुठाय? म्हणाला, ते केलंच नाही, वाळूच्या बादलीत रबर उभं करून ओततोय. आणि मूळ शाडूचा पुतळा? तो रबर सोलताना फुटला.

आता यावर एकच वाट उरली होती. त्यातल्या त्यात बरा निघालेला प्लास्टरचा पुतळा घ्यायचा, जुने फोटो समोर ठेवून कानस आणि पटाशीनं गाल परत जागेवर आणायचे, तो पुतळा पुन्हा रबरात घालायचा आणि मग त्यावर कवच बांधायचं. त्याचे पंधरा दिवस त्यात गेले. पोरगा मेहनती आहे, त्यानं ते केलं. पण त्याच्यासारखे अजून किती जण महागाचं सिलिकॉन आणून इथंच अडकत असतील, हे मनातून जाईना, म्हणून हे सगळं लिहून काढलंय.

मी ११ वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपमध्ये लाकडी पॅटर्न केले, म्हणजे फौंड्रीत वाळूत ठसा उठवायचे नमुने. नंतर बापट कॅम्पात आत्येभावाच्या गणपतीच्या शेडमध्ये आलो आणि साच्याच्या कामाला लागलो. तिथं पहिल्या वर्षीच एक गोष्ट ध्यानात आली. रबर नक्षी सांभाळतं, आकार सांभाळत नाही. आकार सांभाळतं ते कवच. कुणी त्याला कव्हर म्हणतं, कुणी मदर मोल्ड. रबराच्या बाहेरून तंतोतंत बसणारी ती कडक खोळ. दोन किंवा जास्त भागांची, बोल्टनं आवळलेली. ओल्या प्लास्टरचं वजन रबराला बाहेर ढकलत असतं, तो रेटा कवच घेतं.

म्हणून पहिला नियम हाच, की कवच होईपर्यंत मूळ मूर्ती रबराच्या आतून हलवायची नाही. मूर्ती काढली की रबर स्वतःच्या वजनानं बसतं, वाकतं. त्या वाकलेल्या रबरावर बांधलेलं कवच तो वाकडेपणा कायमचा धरून ठेवतं.

खाली मी २७ इंची बैठ्या गणपतीचं उदाहरण धरलंय, कारण हातात रोज तेच काम असतं. पुतळा, उठावाची पाटी, कमानीची नक्षी, कशालाही हिशोब तोच.

रबर करतानाच करायच्या गोष्टी

रबर कसं लावायचं हा वेगळा विषय आहे. कवचाच्या दृष्टीनं लागतं तेवढंच सांगतो. जाडी सगळीकडं साधारण ३ सूत ठेवा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). शेवटचा हात लावताना रबराच्या बाहेरच्या अंगावर अर्ध्या गोटीएवढे सहा-आठ उंचवटे करा, बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळते. हे कवचात जाऊन बसतात आणि साचा फिरवताना रबर आत सरकत नाही. मूर्तीच्या पाटाखाली रबराची दीड इंचाची झालर पसरू द्या. तीसुद्धा पुढं कवचाच्या कडेखाली धरली जाते.

तीन फुटांच्या वरची मूर्ती असेल तर पोटाच्या आणि पाठीच्या भागात रबराच्या शेवटच्या थरात सुती नाडीचे फास पुरून ठेवा. कवचाला त्या जागी भोक ठेवायचं, नाडी बाहेर ओढायची आणि खिळ्याला गुंडाळायची. साचा उलटा केल्यावर पोटाचं जड रबर कवच सोडून खाली लोंबतं आणि गणपतीचं पोट आत जातं, ते या नाडीनं थांबतं.

आणि हातात लॅटेक्स आहे की सिलिकॉन, हे विसरू नका. लॅटेक्सला व्हॅसलीन किंवा तेल लावायचं नाही, त्यानं ते मऊ पडून सडतं. तिथं साबणाचं पाणी वापरा. फायबरचं रेझिन, म्हणजे काचतंतूंचं कवच जमवणारं चिकट द्रव, तेही लॅटेक्सवर थेट नको, रेझिनमधल्या स्टायरीननं लॅटेक्स फुगतं. लॅटेक्सला मी सरळ प्लास्टरचंच कवच करतो. सिलिकॉनला यातलं काही चिकटत नाही, तरी फायबर करताना मेणाचा एक हात देतो. रबर जास्त दिवस टिकतं.

कवच कुठल्या दिशेला सुटणार?

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. प्लास्टर कालवायच्या आधी एक अख्खी दुपार गेली तरी चालेल.

रबर लवचिक असतं, ते कानाच्या मागून, सोंडेच्या खालून सोलून निघतं. कवच कडक असतं. ते एकाच सरळ दिशेनं सुटतं, नाहीतर सुटतच नाही. फौंड्रीत वाळूतून पॅटर्न उचलतात तसाच हा प्रकार. पॅटर्नला उतार नसेल तर वाळू फुटते. इथं वाळू नाही, त्यामुळं एकतर कवच फुटतं किंवा रबर फाटतं. ज्यांनी उद्यमनगरात किंवा शिरोलीत काम केलंय त्यांना पार्टिंग लाईन (दोन भाग सुटतात ती रेघ), ड्राफ्ट (सुटायला दिलेला उतार), लूज पीस (वेगळा निघणारा तुकडा) हे शब्द नव्यानं सांगायला नकोत. तेच शब्द, तीच अक्कल इथं कामाला येते.

बैठ्या गणपतीला मी कवचाचे दोन भाग करतो, पुढचा सरळ पुढं निघणारा आणि मागचा सरळ मागं. मधली रेघ कुठून जाणार? मूर्ती समोरून बघितली की तिची जी बाह्यरेषा दिसते, त्या कडेनं. मुकुटाच्या बगलेतून, कानाच्या काठावरून, मागच्या हाताच्या कोपरावरून, मांडीच्या सगळ्यात फुगीर जागेवरून खाली पाटापर्यंत. ही रेघ सरळ नसते, आत-बाहेर होत जाते. होऊ द्या. रेघ फुगीर जागा सोडून दोन बोटं पुढं काढली की मागच्या अर्ध्या भागाला पुढं वळलेली कड येते आणि तीच कड अडकते.

रेघ शोधायच्या दोन पद्धती आहेत. मूर्ती छोटी असेल आणि आडवी ठेवता येत असेल, तर ती पाठीवर सपाट टेबलावर ठेवा, खाली वाळूची पिशवी द्या. गुण्याच्या (काटकोन बघायच्या पट्टीच्या) उभ्या कडेला खडू फासा आणि गुण्या टेबलावरून सरकवत मूर्तीभोवती फिरवा. जिथं कड टेकते तिथं खडू लागतो. ते ठिपके जोडले की तुमची रेघ तयार. मोठ्या मूर्तीला रात्री दिवा वापरा. शेडमधले सगळे दिवे बंद करायचे आणि ज्या दिशेला कवच निघणार त्या दिशेला दहा-बारा फुटांवर एकच बल्ब लावायचा. रबराच्या ज्या जागेवर उजेड पोचत नाही ती जागा कवचाला अडकवणार. सावलीच्या कडेनं मार्करनं खुणा करा. आत्येभाऊ आधी म्हणायचा, एवढं कशाला, डोळ्यानं दिसतंय की. एका मूर्तीला सोंडेच्या मागची खाच डोळ्यानं दिसली नव्हती, ती दिव्यानं दाखवली. तेव्हापासून तो स्वतःच दिवा लावतो.

आता सावलीतल्या जागांचं काय करायचं? गणपतीत त्या ठरलेल्या असतात. सोंड आणि पोटाच्या मधली फट, आशीर्वादाच्या हातामागची पोकळी, मांडी आणि पाट यांच्यामधली खाच. उथळ खाच असेल तर ती रबरानंच भरून काढा. जुन्या निकामी सिलिकॉन साच्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करून ताज्या सिलिकॉनमध्ये कालवले की भर स्वस्तात होते. ताजं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरतं. मात्र दोन्ही एकाच जातीचं हवं. टिनवर जमणाऱ्या सिलिकॉनचे तुकडे प्लॅटिनमच्या सिलिकॉनमध्ये घातले तर ते ताजं सिलिकॉन नीट जमत नाही, चिकट राहतं.

पोकळी खोल असेल तर रबरानं भरू नका, तिथं रबर इतकं जाड होतं की सोलताना वळत नाही. तिथं लूज पीस करा. पोकळीत बसेल असा प्लास्टरचा सुटा ठोकळा करायचा, त्याची बाहेरची बाजू सपाट आणि उताराची ठेवायची आणि तिच्यावर एक गोल खळगा करायचा. मुख्य कवच त्या ठोकळ्यावरून जातं, खळग्यात त्याचा उंचवटा बसतो. कवच आधी निघतं, ठोकळा मागून वाकडा करून काढता येतो. आशीर्वादाच्या हातामागं मी नेहमी असा ठोकळा ठेवतो. प्रत्येक ठोकळ्यावर नंबर टाका. सहा महिन्यांनी साचा उघडल्यावर तो कुठला, हे कुणालाच आठवत नाही.

प्लास्टर की फायबर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या शेडमध्ये शिरलं. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे रंगकामाचे दिवस. मूर्ती जेवढ्या हलवता आल्या तेवढ्या हलवल्या. साचे राहिले. पाणी उतरल्यावर गाळातून एकेक रबर काढलं, नळाखाली धुतलं, रबराला काही झालं नव्हतं. पण प्लास्टरची कवचं दिवसच्या दिवस पाण्यात राहून मऊ पडली होती, उचलताना हातात कडा राहिल्या. आतला काथ्या कुजला. मूळ मूर्ती कधीच गेलेल्या. नऊ साच्यांचं रबर धडधाकट आणि त्यातलं एकही वापरता येईना. फायबरचं एकच कवच होतं, ते धुऊन पुसून दुसऱ्या दिवशी कामाला लागलं.

म्हणून आता माझा हिशोब असा. एक फुटाच्या आतला साचा किंवा दहा-वीस नगांचं काम असेल तर प्लास्टर. अगदी छोटं काम असेल तर मेडिकलमध्ये हाडाच्या डॉक्टरांसाठी प्लास्टरची पट्टी मिळते, तिचे पाच-सहा थर भिजवून बसवले तरी पुरतं. दोन फुटांच्या वर किंवा वर्षानुवर्षं चालणारं काम असेल तर फायबर. वजनातही फरक आहे. याच २७ इंची मूर्तीचं प्लास्टरचं कवच वाळल्यावर काट्यावर २९ किलो भरलं आणि फायबरचं साडेसहा. दिवसातून दहा वेळा साचा उलटा-सुलटा करणाऱ्या माणसाच्या कमरेला हा फरक कळतो.

पण पहिलं कवच शिकताना प्लास्टरमध्येच करा. चूक झाली तर खरवडता येते, लिंपता येते.

मधली भिंत

मूर्ती सपाट प्लायवर ठेवा. ठरवलेल्या रेघेवर शाडूची भिंत उभी करा, रबरापासून बाहेर २ इंच रुंद आणि अर्धा इंच जाड. भिंतीचा सपाट चेहरा रबराला काटकोनात हवा. मागून शाडूचे तिरपे टेकू द्या, नाहीतर प्लास्टरच्या वजनानं भिंत झोपते. रबर आणि भिंत जिथं मिळतात तिथं बारीक फटही ठेवू नका, लाकडी कोरणीनं दाबून घ्या.

भिंतीच्या या सपाट चेहऱ्यावर पाच-सहा गोल खळगे करा, अंगठा फिरवून झालेला उथळ खळगा पुरतो. उभ्या कडांचा खोल खळगा केला तर दोन्ही भाग तिथंच एकमेकांत अडकतात. खळगे दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर नकोत, एका बाजूला तीन आणि दुसरीला दोन ठेवले की उलटं बसवायची चूक होत नाही. आणि भिंतीच्या बाहेरच्या काठावर दोन-तीन ठिकाणी शाडूचे चपटे तुकडे ठेवा. नंतर तिथं पाचर घालायला जागा मिळते.

फायबर करणार असाल तर ओला शाडू चालत नाही. त्याचा ओलावा रेझिनला चिकट ठेवतो. भिंत तेलमातीची करा, किंवा शाडू सुकत आला की त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे दोन हात द्या.

प्लास्टरचं कवच

एका वेळी ३ किलो प्लास्टरच्या वर कालवू नका. २ लिटर पाणी घमेल्यात घ्या, प्लास्टर मुठीनं वरून पसरून सोडत जा. पाण्यावर छोटं बेट दिसायला लागलं की थांबा. एक-दोन मिनिटं हात न लावता भिजू द्या. मग हात तळाशी ठेवून सावकाश ढवळा. जोरात फेटलं की हवा शिरते आणि प्लास्टर लवकर जमतं. घमेल्यात मागच्या खेपेच्या प्लास्टरचे घट्ट कण राहिले असतील तरी तेच होतं, म्हणून दरवेळी घमेलं घासून घ्या.

पहिला हात नुसत्या प्लास्टरचा, ब्रशनं, साधारण ३ सूत. तो जमला पण ओला आहे तोवरच दुसरा. आता काथ्या घ्या. चांगला विंचरलेला, मोकळा केलेला, लांब धाग्यांचा. प्लास्टरमध्ये बुडवून एक थर आडवा, एक थर उभा असा बसवत जा. काथ्याचं टोक भिंतीवरच्या कडेत वळवून घ्या, कवच फुटतं ते कायम याच कोपऱ्यात. एकूण जाडी १ ते सव्वा इंच, कड २ इंच रुंद. मागच्या भागाला ६ मिलिमीटरच्या सळीची मूठ वाकवून काथ्यात गुंडाळून बसवा. सळीला आधी रंग द्या, गंज प्लास्टरमधून बाहेर येतो.

प्लास्टर जमताना तापतं. हात टेकला तर चटका लागेल एवढं तापू शकतं. जाड घट्ट प्लास्टरमध्ये बोटं रोवून बसू नका, खरोखर भाजतं. तापून पूर्ण गार होईपर्यंत कवचाला हलवायचं नाही.

गार झाल्यावर शाडूची भिंत काढा, कड पाण्यानं स्वच्छ करा. आता कडेच्या उघड्या चेहऱ्याला व्हॅसलीन लावा, खळग्यांमुळं उठलेल्या उंचवट्यांसकट. रबर लॅटेक्सचं असेल तर व्हॅसलीनऐवजी साबणाचे तीन हात. हे विसरलात तर प्लास्टर प्लास्टरला धरतं आणि दोन भागांचं एक होतं. मी एकदा मयतीच्या गडबडीत घरी जाऊन आलो आणि कड तशीच ठेवून दुसरा भाग चढवला. ते कवच कटर मशीननं कापावं लागलं, पातं खोल गेलं आणि रबराला तीन इंचांचा काप बसला. तेव्हापासून कडेला हात लावल्यावर प्लायवर खडूनं फुली मारतो. फुली नसेल तर प्लास्टर कालवत नाही.

दुसरा भाग पहिल्यासारखाच.

फायबरचं कवच

आधी जिवाचं सांगतो. रेझिन जमवायला त्यात कोबाल्ट आणि हार्डनर अशी दोन द्रव्यं घालतात, ती कधीही, कुठल्याही कारणानं एकमेकांत थेट मिसळू नका. लगेच पेट घेतं, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. दोन्हीची मापं वेगळी ठेवा, बाटल्या वेगळ्या फळीवर ठेवा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल लावा. तरीही उडालाच तर १५ मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. रेझिनच्या वाफेला साधा कापडी मास्क काहीही अडवत नाही, कार्बनच्या डबीचा मास्क लागतो. काम उघड्यावर करा. आमच्या शेडमध्ये बिडी-काडीला पूर्ण बंदी आहे. पाहुणा आला तरी.

हंगाम बघा. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत हवा कोरडी असते, कवचं मी तेव्हाच करून घेतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, ओलावा धरतं आणि थर नीट एकजीव होत नाहीत.

या मूर्तीला ४५० ग्रॅमच्या (चौरस मीटरला) मॅटचे तीन थर, कडेला पाच. रेझिन मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट धरा, म्हणजे सगळं मिळून सुमारे ४ किलो. एका वेळी अर्धा किलोच काढा. त्याला हार्डनर ५ ते १० मिलिलिटर, उन्हात कमी, गारठ्यात जास्त. पंधरा-वीस मिनिटांत ते डब्यात जमायला लागतं.

रबरावर मेण पॉलिश. कडेच्या भिंतीला मेणाचे चार हात, प्रत्येक हात सुकवून कापडानं घासलेला, आणि वरून पीव्हीएचा (पाण्यात विरघळणारा, चिकटू न देणारा पातळ थर) एक. पहिला हात टाल्क पावडर घातलेल्या दाट रेझिनचा. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत आला की मॅट. मॅट कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. फाटलेली विरळ कड शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते, कापलेल्या कडेची पायरी राहते. ब्रशनं ओढायचं नाही, उभ्या ब्रशनं ठोकायचं, मॅटचा पांढरेपणा जाऊन ते पारदर्शक दिसेपर्यंत. पांढरा डाग दिसला तर आत हवा आहे.

तिन्ही थर एका दमात चढवायचा मोह होतो. नका चढवू. जाड थर एकदम तापतो, आकसतो आणि कवच पिळतं. एक थर जमला, तापून गार झाला, मग पुढचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये बांबूच्या दोन-तीन कामट्या आडव्या बसवा आणि मॅटनं झाका, पातळ कवचाला त्यानं ताठपणा येतो. शेवटचा थर चामड्यासारखा झाला की कडा धारदार सुरीनं कापून घ्या. ही वेळ गेली की ग्राइंडर लागतो आणि ती काच-धूळ आठवडाभर अंगाला खाजते.

कवच रात्रभर मूर्तीवरच राहू द्या. लवकर काढलेलं फायबर स्वतःच्या मनानं वाकतं.

बोल्ट, पाय आणि उघडणं

दोन्ही भाग मूर्तीवर बसलेले असतानाच कडेला भोकं पाडा, दर ५-६ इंचांवर, ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी. वेगवेगळं करून पाडलेली भोकं कधीच जुळत नाहीत. वॉशर दोन्हीकडून आणि बटरफ्लाय नट, म्हणजे ओल्या हातानंही आवळता येतो.

साचा उलटा करून ओतायचा असतो, तर मुकुटाच्या बाजूला कवचाला तीन पाय लागतात. तेही आत्ताच, मूर्ती उभी असताना करा. वरून सपाट फळी ठेवा, पाणसळीनं पातळी बघा आणि तिन्ही पायांची उंची त्या फळीला मिळवा. पाय तिरपे झाले तर प्लास्टर एका कडेला आधी येतं आणि प्रत्येक गणपतीचा पाट तिरका निघतो.

उघडताना स्क्रू ड्रायव्हर घालू नका. ठेवलेल्या जागांत लाकडी पाचर घाला, एका ठिकाणी जोर न लावता आळीपाळीनं प्रत्येक पाचर थोडी थोडी ठोका. अडलं तर फटीत पाणी सोडा, पीव्हीए पाण्यात विरघळतो आणि प्लास्टरही सैल होतं. आधी मागचा भाग काढा. पुढचा भाग अजून मूर्तीला धरून आहे, त्याच अवस्थेत रबराला पाठीवरून काप द्या, झालरीपासून मानेपर्यंत, नव्या पात्यानं, थोडा नागमोडी. नागमोडी काप आपोआप स्वतःच्या जागी बसतो. हा काप मागच्या कवचाच्या बरोबर मध्यावर हवा. कवचाच्या जोडाखाली आला तर तिथं दाब कमी मिळतो आणि मूर्तीच्या पाठीवर जाड शिवण उठते.

रबर सोललं की लगेच परत कवचात बसवा आणि आतून बोटानं सगळीकडं टकटक करा. पोकळ आवाज आला तर तिथं रबर टेकलेलं नाही. बऱ्याचदा उंचवटा त्याच्या खळग्यात बसलेला नसतो, तेवढंच असतं.

आधी कवच, मग रबर

उठावाची पाटी किंवा मोठा चेहरा असेल तर मी उलट्या क्रमानं करतो. सिलिकॉन वाचतं आणि जाडी एकसारखी येते. मूर्तीवर ओला वर्तमानपत्राचा कागद चिकटवा. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना ३ सुतांच्या पट्ट्या ठेवून शाडूच्या पोळ्या लाटा आणि मूर्तीवर पांघरा. जिथं अडकणारी खाच आहे तिथं शाडू जास्त भरून बाहेरचा आकार सपाट करा. त्यावर कवच बांधा, वरती ओतायला एक भोक आणि प्रत्येक उंच जागेवर हवेसाठी एकेक. फौंड्रीतले रायझरच ते.

कवच उतरवा, शाडू काढा, मूर्ती पुसून घ्या, कवच परत चढवा. शाडूच्या जागी आता सिलिकॉन जाणार. किती लागेल? काढलेला शाडू मापाच्या डब्यात दाबून भरा, जितके लिटर शाडू तितके लिटर सिलिकॉन. वर दहावा हिस्सा जास्त धरा. मधेच माल संपला तर जोड दिसतो.

ओतायच्या आधी कवच प्लायला दोरीनं आवळा किंवा वर विटा ठेवा. पातळ सिलिकॉन आत चढत गेलं की कवचाला वर उचलतं. फौंड्रीत मेटल ओतताना वरच्या पेटीवर वजनं ठेवतात, त्याच कारणानं. बुडाची फट शाडूनं बाहेरून लिंपा. धार बारीक ठेवा, एकाच भोकातून ओता, ज्या रायझरमधून सिलिकॉन वर आलं तो शाडूच्या गोळीनं बंद करा.

ठेवताना

रबर कायम कवचात ठेवायचं, बोल्ट हलके लावून. उघडं रबर फडताळात मुडपून ठेवलं तर ती मुडप त्यात बसते. ऊन लागू देऊ नका, लॅटेक्स तर उन्हानं चिकट होऊन तडकतं. कवचावर तेलरंगानं लिहा: मूर्तीची उंची, वर्ष, किती भाग, किती ठोकळे, पुढची बाजू कुठली. पहिल्या नगाची एक प्लास्टरची प्रत रंग न देता बाजूला ठेवा. उद्या कवच गेलं तर ती प्रत रबरात घालून नवं बांधता येतं. २०१९ ला आमच्याकडं अशी एकही नव्हती.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ धोका पातळी. आमच्या शेडमध्ये ३९ ची बातमी येईपर्यंत थांबत नाही. ३५ ला साचे माळ्यावर चढवतो, फायबरचे शेवटी, प्लास्टरचे सगळ्यात आधी.